भिंतीचा ताप

आमचे शेजारी बाळनाना रोज दुपारी भिंतीचा ताप बघतात. तापाचा काचेचा थर्मामीटर खिडकीच्या कोपऱ्यात खोचून ठेवतात. त्या कोपऱ्याला ते भिंतीची काख म्हणतात. मग पारा वाचून आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून मला ओरडून सांगतात, "एकशे चार! माणूस असती तर भरती केली असती हिला!"

नाना दाभोळला मच्छीमार बोटीवर इंजिन सांभाळायचे. त्या इंजिनाने त्यांचा डावा कान अख्खा आणि उजवा अर्धा नेला. म्हातारपणी ते रत्नागिरीत आमच्या शेजारी राहायला आले. मग त्यांची बायको, आमच्या काकी, वारल्या, आणि नानांना भिंतीवर वेल चढवायचं वेड लागलं. भिंतीवर पानं असली की घर गार राहतं आणि बाहेरचा आवाज पानांत जिरतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. इथे भिंतीवरचं शेवाळ खरवडता खरवडता माणसं म्हातारी होतात! नानांनी मात्र रस्त्याकडच्या भिंतीवर जुनं जाळं ताणलं आणि त्यावर तोंडली, घेवडा, नागवेल, हाताला लागेल ते सोडलं.

भिंत हिरवीगार झाल्यावर तिची परीक्षा ठरली. मी रस्त्यावर उभं राहून थाळा बडवायचा आणि नाना आत बसून ऐकणार. येणारेजाणारे विचारत होते, "काय ओ, आज काय विशेष?" मी काय सांगणार, कपाळ! शेवटी नानांनी खिडकीतून डोकं काढलं.

"थांबलास कशाला?"

"थांबलो नाही नाना, वाजवतोच आहे!"

"बघ! सायन्स हाय ते!"

हे यश पानांचं की कानांचं, ते मला अजून कळलेलं नाही.

पण खरा गोंधळ पुढेच आहे. रस्त्याकडची भिंत उत्तरेची, तिला फारसं ऊन लागत नाही. ताप चढतो तो आमच्या घराकडच्या, पश्चिमेच्या भिंतीला. आणि तिच्यावर एक पान नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! कारण विचारलं की नाना म्हणायचे, "तुला नाय कळायचा."

या मे महिन्यात त्या भिंतीमागच्या तापलेल्या खोलीत नानांना भोवळ आली. मी घाबरलो. दुसऱ्याच दिवशी कुदळ आणि तोंडलीच्या वेलाचे तुकडे घेऊन मी पश्चिमेच्या भिंतीशी खणायला लागलो. नाना धावत आले आणि त्यांनी कुदळ हिसकावून घेतली.

"ही भिंत नको!"

"अहो, पण का? मराल एक दिवस आत भाजून!"

नाना म्हणाले, "मेल्या, तिकडे पानं लावली ती रस्ता गप्प व्हावा म्हणून. ह्या बाजूनं तुमच्या घरातले आवाज येतात. सकाळी तुमचा कुकर. तीन वाजता कपबशा. त्या वाजल्या की मीपण माझी चाय ठेवतो. अर्धाच कान हाय, त्यात पानं कशाला आणू मधी?"

इतकी वर्षं शेजारी राहून मी किंवा माझ्या बायकोने या माणसाला एकदाही चहाला बोलावलं नव्हतं, याची लाज वाटली.

"चला नाना, आज आमच्याकडेच चहा घ्या."

नाना जागचे हलले नाहीत.

"येतो. पण आधी सांग, सोमवारी तू नि सूनबाय भांडलात, तां मिटला ना? तवापासून तुमच्याकडून कायच ऐकायला नाय. दोन दिवस मी जेवलो नाय धड."