पंचविसावी नोंद

रविवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना निवृत्त हेडक्लार्क इस्त्रीचा शर्ट घालून, मोबाइल समोर ठेवून बैठकीच्या खोलीत बसले होते. या इमारतीत येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं आणि दीड वर्षात त्यांची बेल फक्त गॅसवाल्याने आणि घर चुकलेल्या लोकांनी वाजवली होती. शेवटी बायकोने निर्वाणीचा इशारा दिला. तिच्या बहिणीच्या शेजारचा फ्लॅट रिकामा होत होता आणि रविवारी दुपारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

"इथे भिंतींशी बोलून माझा घसा बसला," ती म्हणाली होती. "तिकडे निदान ताई तरी आहे."

हेडक्लार्कना घर सोडायचं नव्हतं. जन्म भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर हे पहिलं स्वतःचं दार मिळालं होतं. म्हणून त्यांनी भाचीकडून एक ऑनलाइन फॉर्म करून घेतला. प्रत्येक घराने आपली एक अडचण लिहायची, भाची त्या अडचणीपुढे योग्य शेजारी नेमणार आणि रविवारी दहाच्या ठोक्याला त्या शेजाऱ्याला मोबाइलवर निरोप जाणार: अमक्यांच्या घरी जा, तमकी मदत करा. एरवी मोबाइलवर नुसते अंगठे दाखवणारी माणसं अशाने एकमेकांच्या दारात उभी राहतील, असा सगळा हिशेब होता.

अडचणी मात्र त्यांनी स्वतः वाचल्या नव्हत्या. पस्तीस वर्षं गोपनीय फायलींवर शिक्के मारून एकही उघडून न बघितलेला माणूस तो. त्यांनी नोंदी फक्त मोजल्या, तर चोवीस घरांच्या पंचवीस निघाल्या. कुणीतरी उत्साहाच्या भरात दोनदा भरला असणार, असं समजून ते खूश झाले.

"मामा, यादी तयार आहे," भाचीने शनिवारी बजावलं होतं. "आता तिला हात लावू नका."

पण यादीत अडचण लिहिणाऱ्यांची नावं आली तशी पडली होती. 'र'च्या खाली 'अ', त्याच्या खाली 'म'. हेडक्लार्कना ते बघवेना. त्यांनी नावांचा रकाना धरला, एक बटण दाबलं आणि सगळी नावं वर्णक्रमाने रांगेत उभी राहिली. अडचणी आणि त्यांच्यापुढे नेमलेले शेजारी मात्र होते तिथेच बसून राहिले. जित्याची खोड, दुसरं काय.

दहा वाजले आणि इमारतभर मोबाइल वाजले. पाठोपाठ कड्या निघाल्याचे आवाज आले.

"ऐकलंस का? दारं उघडतायत," हेडक्लार्क ताडकन उठून म्हणाले. "पंखा बंद कर, नीट ऐकू येईल."

तिसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरबाई शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या दारात बॅटरी घेऊन उभ्या होत्या.

"तोंड उघडा, मावशी."

"कशाला?"

"दाढ दुखतेय ना? घाबरू नका, आधी सगळे नाहीच म्हणतात."

मावशींनी शांतपणे कवळी काढून बाईंच्या हातावर ठेवली. "घ्या. यातली कुठली दुखते ते तिलाच विचारा."

डॉक्टरबाईंची बोळवण करून, कवळी परत बसवून मावशी आपल्या कामगिरीवर निघाल्या. त्यांना तळमजल्यावर जायचं होतं. तिथे व्यायामशाळेत शिकवणारा एक अविवाहित गडी राहायचा. त्याला सगळे पहिलवान म्हणत. चार दिवसांपूर्वी त्याची आई आली होती. दार तिनेच उघडलं.

"तुमच्या सुनेशी गप्पा मारायला आलेय," मावशी म्हणाल्या.

"कुठली सून?"

"आता ते तुम्ही मुलाला विचारा."

चार वर्षं मुलासाठी स्थळं बघणारी ती माउली मटकन खाली बसली. मुलगा तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरी कपाट उचलत होता. सेक्रेटरी बाहेर गेलेले. त्यांच्या बायकोला वाटलं, यांनीच बोलावलं असेल. "जागा असेल तिकडे ठेव," ती म्हणाली. त्याने कपाट गॅलरीच्या दाराला लावलं, त्यामुळे गॅलरीत जायची सोयच राहिली नाही. आणि सेक्रेटरी? ते डॉक्टरबाईंच्या घरी, रात्रपाळी करून नुकत्याच झोपलेल्या त्यांच्या नवऱ्याला हलवून उठवत होते.

"रिटायर झालात म्हणे. या गच्चीवरच्या टाकीच्या किल्ल्या. आजपासून पाणी तुम्ही सोडायचं."

"मी रिटायर? कुणी सांगितलं?" म्हणत नवऱ्याने घाबरून ऑफिसला फोन लावला.

साडेदहाला हेडक्लार्कची बेल वाजली. नंतर ती वाजतच राहिली. बायकोने दार उघडलं आणि मावशी, डॉक्टरबाई, सेक्रेटरी, पहिलवान आणि त्याची डोळे पुसणारी आई असा सगळा मोर्चा एकदम आत आला.

"आधी मला सांगा, ही बायको कुणाची?" पहिलवानाची आई म्हणाली.

"आई, मी लग्न केलेलं नाही गं," पहिलवान गाल धरून कळवळला.

मावशींनी मोबाइल लांब धरून निरोप वाचला. "'सदर पत्नी बोलण्यास उत्तम आहे. मात्र मानी असल्याने स्वतःहून कुणाच्या दारी जाणार नाही. तरी सुरुवात समोरून व्हावी, ही नम्र विनंती.'"

अशी भाषा इमारतीत एकच माणूस लिहीत होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. हेडक्लार्क बंद पंख्याकडे बघू लागले. बायकोचे डोळे भरून आले होते.

"मग माझा हा निरोप कुणाचा?" सेक्रेटरींनी आपला मोबाइल पुढे केला. "'मिस्टर रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघरातले डबे अक्षरांप्रमाणे लावतात. मला साखर सापडत नाही. त्यांना बाहेरचं काहीतरी काम द्या. परत पाठवायची घाई नको.'"

आता बायको पंख्याकडे बघू लागली. पंचविसाव्या नोंदीचा उलगडा झाला होता. सेक्रेटरींनी मुकाट्याने टाकीच्या किल्ल्या हेडक्लार्कच्या हातात दिल्या.

"पहिलवान, तुम्ही मघापासून गाल का धरलाय?" डॉक्टरबाईंनी विचारलं. पहिलवान आईच्या मागे सरकला. खुर्च्या पुरेनात, म्हणून मावशी पलंगावर मांडी घालून बसल्या आणि आपल्या कवळीची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागल्या.

बायको चहाला आत गेली. "अहो, साखर?" तिने आतून विचारलं.

"'स'मध्ये," बाहेरून सगळे एकदम म्हणाले.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. बहिणीचा फोन होता. हेडक्लार्कनी किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरला. स्वयंपाकघरातून चहाच्या आधणाचा आणि तिचा आवाज एकत्रच आला.

"ताई, मी नंतर फोन करते गं. आत्ता घरात माणसं आहेत."