वरवंट्याचा नंबर

आमच्या शेजारचे सोपानअण्णा घराबाहेर पडताना पिशवीत दगड घेऊन पडतात. मारामारीसाठी नाही, रांगेत ठेवायला. रेशनचं दुकान असो, बँक असो की दवाखाना, आमच्याकडे पहाटे येऊन रांगेत दगड नाहीतर चप्पल ठेवायची, घरी जाऊन धारा उरकायच्या आणि दार उघडायच्या वेळेला आपल्या दगडाच्या जागी येऊन उभं राहायचं, अशी रीत आहे. लोक हाताला लागेल तो दगड ठेवतात आणि मग कुठला कुणाचा यावरून एकमेकांचा उद्धार करतात. अण्णांचा दगड मात्र ठरलेला. नेवाशाला गेले असताना प्रवरेच्या पात्रातून निवडून आणलेला, काळा, गुळगुळीत, वर चुन्याची रेघ. काम झालं की तो धुऊन पुन्हा पिशवीत जातो.

अण्णांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या यार्डात गेली. उसाच्या गाड्या कोणत्या क्रमाने वजनकाट्यावर सोडायच्या, हे त्यांचं काम. एकदा म्हणे एका मोठ्या संचालकाच्या मेव्हण्याचा ट्रॅक्टर मधेच घुसला. अण्णांनी तो भरल्या ट्रॉलीसकट उलटा, पार कमानीपर्यंत मागे घ्यायला लावला. मेव्हणे शिव्या देत होते आणि अण्णा शांतपणे हात हलवत सांगत होते, "येऊ द्या, येऊ द्या... मागून या, पन मानानं या."

हे त्यांचं पेटंट वाक्य. दुसरं, "नंबर म्हंजी नंबर." या दोन वाक्यांवर त्यांचा सगळा संसार चालायचा.

अण्णा रिटायर झाले, पण त्यांचा नंबर काही रिटायर झाला नाही. सोनईला जाणारी एसटी लागली की लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी टाकून जागा धरतात. अण्णा गाडीत चढून हा सगळा ऐवज गोळा करायचे आणि कंडक्टरकडे जमा करायचे. एकदा एकाने खिडकीतून लेकरूच आत सोडलं होतं. अण्णांनी तेही कंडक्टरकडे जमा केलं.

अशा माणसाशी संसार करायचा तर बाई तशीच लागते. कौसाकाकू अण्णांच्या खांद्याला लागायच्या, पण आवाज आळीच्या टोकापर्यंत जायचा. मूलबाळ नव्हतं. आळीतल्या प्रत्येक बारशाला बाळाच्या आधी पाळण्याखालून फिरवायला वरवंटा मात्र काकूंचाच जायचा, आणि काकू त्याला स्वतःच्या हातानं कुंची घालायच्या. अण्णांविषयी त्या म्हणायच्या, "यम आला दारात, तरी आमचं मानूस त्याला इचारंल, तुझा नंबर कितवा?"

मग कोरोना आला. गावात दक्षता समिती झाली, आणि विनामास्क फिरणाऱ्याला दंड करायचं काम कुणी घेईना, कारण गावात राहायचं होतं. अण्णांनी घेतलं. पहिल्याच आठवड्यात पारावर तंटा उभा राहिला. शेतावर जाणाऱ्या मजुराला दंड आणि बुलेटवरून उघड्या तोंडानं फिरणाऱ्या ठेकेदाराला रामराम, हा कुठला न्याय? किराणा दुकानवाले भाऊसाहेब हनुवटीला मास्क लावून गरजले, "हिंमत असंल तर पुढाऱ्याच्या घरच्या लग्नात जाऊन करा दंड!"

"बराबर हाय," अण्णा म्हणाले. "दंड वरून खाली आला पायजे. पन तुमचा मास्क दाढीला हाय, तवा तुमी आत्ताच द्या."

भाऊसाहेबांनी तो दंड भरला आणि मनात धरला. अण्णा खरंच त्या लग्नात गेले, मांडवाच्या दारात उभं राहून नवरदेवाच्या मामासकट सगळ्यांना दंड केला आणि न जेवता परत आले. काकूंनी अण्णा लग्नाला गेलेत म्हणून भाकरी टाकलीच नव्हती. त्या उंबऱ्यातून ओरडल्या, "आता दंडच खा!" ओरडताना तोंडाला पदर नव्हता. अण्णांनी त्यांनाही दंड केला. काकूंनी अण्णांच्याच खुंटीवरच्या सदऱ्यात हात घातला आणि पैसे काढून दिले. आठवडाभर आळीला दुसरा विषय नव्हता.

लस आली तेव्हा केंद्र आमच्याच शाळेत होतं आणि मास्तर म्हणून माझी ड्यूटी दारात. आधी कुणी फिरकेना. लस घेतल्यावर माणूस वर्षभरात जातो, असं कुणीतरी मोबाईलवर ऐकलेलं. मग आजूबाजूच्या गावांतून माणसं दगावल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि एका रात्रीत लोकांचं मत फिरलं. पहाटे शाळेच्या फाटकापासून देवळापर्यंत दगड लागले. लस यायची मोजकी. पुढाऱ्यांचे फोन यायचे, मागच्या दारानं माणसं यायची. अण्णांनी पिशवीतून दगड काढला आणि रांग ताब्यात घेतली. त्यांनी दोन नियम काढले. एका माणसाला एकच दगड. आणि नाव पुकारल्यावर दगडाचा माणूस हजर नसला, तर नंबर बाद. दगड उचलून ते स्वतः कडेला टाकायचे. भाऊसाहेबांचा एकदा टाकला, ते दोन मिनिटं पाणी प्यायला गेले होते तेवढ्यात.

अण्णा-काकूंचा दिवस आला. काकूंनी रस्त्यावरचा दगड उचलायला साफ नकार दिला होता. "माझा वरवंटा न्या," म्हणाल्या. "हरवला तर वाटन तुमच्या डोक्यावर करीन, म्हंजी नीट ध्यान ठिवताल." अण्णांनी पहाटे जाऊन आधी आपला दगड ठेवला, त्याच्या मागे वरवंटा. काकू भाकरी उरकून आल्या तेव्हा सगळी रांग त्या वरवंट्याला हसत होती, आणि काकूही हसल्या.

यांचा नंबर आला आणि नर्सताई बाहेर येऊन म्हणाल्या, "एकच डोस शिल्लक आहे. तुम्ही दोघं एकाच घरचे. ठरवा आपसात."

अण्णांनी वळून काकूंकडे पाहिलं. हे मी पाहिलं आहे. त्यांच्या तोंडून काही निघायच्या आत काकूच म्हणाल्या, "यांनाच द्या, ताई. मला दिला तर जनमभर ऐकवतील, माझा नंबर पुढं हुता म्हनून." रांग पुन्हा हसली. अण्णा म्हणाले, "व्हय, नंबर म्हंजी नंबर," आणि बाही वर केली.

पुढची लस यायला वेळ लागला. त्याआधीच काकूंना ताप आला. नगरला नेलं, आणि तिथून त्या परत आल्या नाहीत. अण्णांना दवाखान्याच्या बाहेर थांबवलं होतं. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही.

डॉक्टरांनी त्यांना समजावलं की एवढ्या थोड्या दिवसांत एका डोसानं काही फरक पडला नसता. मीही समजावलं. अण्णा ओट्यावर बसून ऐकून घ्यायचे. एकदाच बोलले. "फरक पडला नसंल, गुरुजी. पन दगड मीच मांडले हुते. वरवंटा पुढं ठिवायला काय झालं हुतं? कुनी इचारनार हुतं का मला?" मी घरात जाऊन चहा घेऊन आलो.

त्यानंतर अण्णांनी दंड करणं सोडलं. लोक उघड्या तोंडानं समोरून जायचे आणि उलट त्या लोकांनाच वाईट वाटायचं. बायका ताट झाकून आणून द्यायच्या, ते रिकामं धुऊन परत करायचे. बोलायचे मात्र नाहीत. त्यांच्या घरातून पूर्वी सकाळी पाट्याचा आवाज यायचा, तो बंद झाला. शेजारच्या घरातला रोजचा आवाज थांबला की केवढी भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं.

अण्णांच्या दुसऱ्या डोसाच्या दिवशी मी फाटक उघडलं तर रांगेत चुन्याच्या रेघेचा काळा दगड होता, आणि त्याच्या पुढे काकूंचा वरवंटा. अण्णा बाजूला भिंतीला टेकून बसले होते. रांग पुढे सरकली की अण्णा उठायचे, आधी वरवंटा पुढे ठेवायचे, मग आपला दगड, आणि पुन्हा बसायचे.

दुपारी वरवंटा दाराशी आला. मागून भाऊसाहेबांचा आवाज आला. "एका मानसाला दोन दगड? अन् ह्या दगडाचा मानूस कुठं हाय? नियम कुनाचा? मानूस न्हाई तर नंबर बाद! माझा टाकला हुता का न्हाई कडंला?"

भाऊसाहेब बोलून गेले आणि मग त्यांनाच कळलं असावं, कारण त्यांनी मास्क नाकावर ओढला. अण्णा उठून उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याच रांगेत त्यांचीच लबाडी पकडली गेली होती. त्यांची मान खाली गेली. मला वाटलं, आता हे वरवंटा उचलून घरी जाणार आणि पुन्हा कधी दाराबाहेर पडणार नाहीत.

"बराबर हाय तुमचं," ते हळूच म्हणाले. "मानूस पायजे."

ते रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेले. तिथे एक खुरपणीला जाणारी बाई उभी होती. तिला पहाटे दगड ठेवायला येता आलं नव्हतं. कामाला खाडा पडला म्हणून ती तोंड पाडून उभी होती. अण्णा तिला म्हणाले, "बाई, चला. तुमचा नंबर आला." तिला काही कळेना. अण्णांनी तिला आणून वरवंट्याजवळ उभं केलं आणि लोकांना म्हणाले, "नंबर माझ्या मंडळीचा हाय. तिला यायला जमलं न्हाई. तिनं ह्यांना धाडलंय. आता बोला."

भाऊसाहेब खाली बघत होते. बाई आत जाऊन लस घेऊन आली, आणि मागोमाग नर्सताई दारात आल्या. त्यांचा चेहरा पाहूनच मला समजलं. "अण्णा, संपली हो. तुमच्या आधीच संपली."

मला भयंकर वाईट वाटलं. अण्णांनी मात्र मान हलवली, वाकून आधी वरवंटा उचलला, मग दगड. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर मला थोडं हसू दिसलं.

"आज नीट लागले नंबर," ते म्हणाले आणि घरी गेले.

त्यांना पुढच्या खेपेला लस मिळाली. आता मास्क गेले, दंड गेले, शाळेत पुन्हा पोरांचा गोंधळ असतो. पण रेशनच्या रांगेत आजही अण्णांच्या दगडापुढे वरवंटा असतो. काकूंच्या नंबरावर दर खेपेला कुणीतरी जातं, कधी उशिरा आलेली म्हातारी, कधी तान्हं लेकरू घेतलेली बाई. अण्णांना हल्ली वाकता येत नाही. ते दुकानाच्या ओट्यावर बसून असतात.

परवा मी त्या रांगेत होतो. दुकानावर नवीन आलेला एक माणूस वरवंटा पायानं बाजूला सारायला लागला. "हा कुनाचा धोंडा मधीच?"

"ए, पाय लावू नको!" भाऊसाहेब ओरडले. ते अण्णांच्या दगडाच्या मागेच उभे होते. गुडघ्यावर हात ठेवून कण्हत ते खाली वाकले, दोन्ही हातांनी वरवंटा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि एक पाऊल पुढे नेऊन ठेवला.

"कौसावैनींचा नंबर हाय तो," ते म्हणाले. "त्या येत्यात मागून."