चंपतरावांची सेवाज्येष्ठता

नोकरी सांभाळून ज्ञान मिळवणे अवघड असते, हे सर्वमान्य आहे. ज्ञान मिळाल्यावर नोकरी सांभाळणे त्याहून अवघड असते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आदिलाबादेत ही गोष्ट १९९४ साली सिद्ध झाली, आणि ती सिद्ध करण्याचा मान बेल्याच्या चंपतरावांकडे जातो.

चंपतराव जिल्ह्याच्या एका कचेरीत हेड क्लार्क होते. सकाळी बेल्याहून बसने यायचे, संध्याकाळी परत जायचे. गावी त्यांच्या पत्नी प्रयागबाईंचा वांगी-मिरचीचा मळा होता, आणि त्याच्या बांधावर बसून काहीही न करणे ही चंपतरावांची आयुष्यातली एकमेव चैन होती. अशात वरून हुकूम आला. कचेरीत संगणक विभाग निघणार, त्याच्या सुपरिंटेंडेंटला संगणक माहिती प्रणालीची पदव्युत्तर पदवी लागणार, आणि हेड क्लार्कचे पद दूर मंचेरियलला, रोजची ये-जा जमणार नाही अशा ठिकाणी, हलणार. म्हणजे एकतर पदवी, नाहीतर मंचेरियल. चंपतरावांनी पन्नाशीला टेकता टेकता दप्तर घेतले.

नोकरदारांसाठी असा अभ्यासक्रम चालवणारी संस्था आदिलाबादेत होतीच. (ती हुकमाच्या आधी आठ दिवस निघाली होती. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.) जिनिंगच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी वर्ग भरे. शिस्त वाखाणण्यासारखी होती. चपला बाहेर काढायच्या, आणि बसायचे ते पगाराच्या श्रेणीप्रमाणे, म्हणजे साहेब पंख्याखाली आणि कारकून खिडकीच्या उन्हात. संस्थेत संगणक एक होता. खालून कापसाचे तंतू उडून येत, म्हणून त्याला गोधडीत गुंडाळून ठेवत आणि फक्त दसऱ्याला व परीक्षेला उघडत. दोन वर्षांत तो एकदाही बिघडला नाही. असे उदाहरण मोठ्या शहरांतही सापडणार नाही.

अभ्यासक्रमाचा गाभा पहिल्याच धड्यात होता : संगणक चुकत नाही. प्रत्येक पेपरात पहिला प्रश्न यावरच असे. चंपतराव हे उत्तर इतके सुरेख लिहीत, की दोन्ही वर्षी वर्गात पहिले आले.

अडचण होती ती प्रात्यक्षिकाची. टाइप करणे हे टायपिस्टचे काम. हेड क्लार्कने कळफलकाला बोट लावले, तर तो तिथल्या तिथे एक श्रेणी खाली घसरतो, असा कचेऱ्यांमधला पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. म्हणून प्रात्यक्षिकाला प्रत्येक परीक्षार्थी आपापली टायपिस्ट घेऊन आला. परीक्षार्थीने पाठ टेकून मजकूर सांगायचा आणि टायपिस्टने उतरवायचा. पडद्याकडे पाहणेही अधिकाऱ्याला शोभत नसे. चंपतरावांचे वरिष्ठ केशवराव साहेब हेही त्याच वर्गात होते. त्यांची पाळी असताना संगणकाने सांगितलेले काम करायचे नाकारले, तेव्हा साहेबांनी त्याला सात दिवसांत खुलासा मागणारा मेमो डिक्टेट केला. परीक्षकांनी प्रशासकीय कौशल्याचे पूर्ण गुण दिले.

चंपतरावांना काम मिळाले आपल्या कचेरीची सेवाज्येष्ठता यादी करण्याचे. त्यांनी सर्व्हिस बुकांचा गठ्ठा नेला आणि एकेक जन्मसाल टायपिस्ट रेणुकाबाईंना सांगितले. सांगितले ते उतरवायचे, वाद घालायचा नाही, हा रेणुकाबाईंचा नियम होता. आता या भागातल्या जुन्या माणसांची जन्मसाले निजामाच्या वेळच्या फसली सनात लिहिलेली असतात. फसली सन इंग्रजी सनाच्या पाचशे नव्वद वर्षे मागे चालतो, आणि कचेरीतला कोणीही ते वाचताना फरक मनातल्या मनात मिळवून घेतो. चंपतरावांनीही 'तेराशे त्रेपन्न' असे सांगून फरक मनातल्या मनात मिळवला. संगणकाला ते कळायला काही मार्ग नव्हता.

यादी निघाली. रेघा सरळ होत्या, त्यामुळे पहिला वर्ग मिळाला. संगणकाचा कागद तपासायचा नसतो, टाचणी लावून पुढे पाठवायचा असतो. तसा तो वरच्या कचेरीत गेला. महिन्याभरात अकरा जणांना मेमो आले. चंपतरावांच्या मेमोत होते की, आपले वय ६४१ वर्षे असून आपण सन १४११ मध्ये सेवानिवृत्त झाला आहात. तरी नंतरची पाचशे त्र्याऐंशी वर्षे सेवेत का राहिलात, याचा खुलासा करावा. (इतका ज्येष्ठ हेड क्लार्क देशात दुसरा नव्हता. पण अभिनंदन कोणी केले नाही.)

चंपतराव आधी हसले. मग साहेबांकडे गेले. साहेबांना फसली सन चांगला ठाऊक होता, त्यांच्या वडिलांची पत्रिकाही त्याच सनातली होती. ते हळू आवाजात म्हणाले, "चंपतराव, हमकू भी मालूम है. लेकिन कंप्यूटर में आ गया ना."

अडचण साहेबांची एकट्याची नव्हती. संगणक चुकला म्हणावे, तर पहिला धडा खोटा, आणि वर्गातल्या सगळ्यांच्या पदव्या खोट्या, साहेबांचीही. सांगणारा चुकला म्हणावे, तर चंपतराव प्रात्यक्षिकात नापास, आणि मंचेरियलची गाडी तयार. साहेबांनी न्याय्य तोडगा काढला. यादी बरोबर आहे की नाही, यावर तज्ज्ञाचे मत मागवले. कचेरीत पहिल्या वर्गाचा तज्ज्ञ एकच होता. अकरा माणसांची फाइल चंपतरावांच्याच टेबलावर आली.

ती रात्रभर ठेवायला त्यांनी घरी नेली. प्रयागबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुमचं चुकलं थे लिवून टाका ना. मंचेरियलले का भाकर भेटत नाई?"

हा विषय पदव्युत्तर आहे, असे सांगून चंपतरावांनी कूस बदलली. पण त्यांना फार वाईट वाटत होते, आणि झोप काही आली नाही.

सकाळी कचेरीच्या दारात चपराशी धोंडीबा उभा होता. यादीत तोही होता, वय ६४३. घरी दोन मुली लग्नाच्या.

"रावसायेब," तो म्हणाला, "मी सहाशे वर्साचा दिसून राह्यलो का?"

"दिसण्यावर नसते गा," चंपतराव त्याच्याकडे न पाहता म्हणाले.

मग आत जाऊन त्यांनी फाइलवर लिहिले : 'यादी संगणकाने काढलेली असल्यामुळे अचूक आहे.' खाली सही केली आणि सहीपुढे पदवी लिहिली. पदवीचा कचेरीत झालेला हा पहिला आणि शेवटचा उपयोग. दुपारपर्यंत अकराही जण, चंपतरावांसह, घरी गेले. मंचेरियल टळले. बांधावर बसायला आता सकाळही मोकळी होती, पण चंपतराव तिकडे फिरकेनासे झाले.

धोंडीबाने मात्र आपला कागद दोघातिघांकडून वाचवून घेतला. छापील आहे, कॉम्प्युटरचा आहे, अशी खात्री करून घेतली. आठ दिवसांत तो वाकून चालायला लागला. गुडघे दुखतात म्हणे, आणि या वयात ते दुखायचेच.

त्याला हसू नका. परवा खिडकीतल्या माणसाने तुमच्या नावापुढे भलतेच काही वाचून दाखवले आणि 'कॉम्प्युटरमध्ये तसंच आहे' म्हणाला, तेव्हा तुम्ही मान हलवून रांगेतून बाजूला झालात. धोंडीबाने निदान एकदा विचारून तरी पाहिले. तुम्ही कुठला कोर्स केला होता?