गुल्हाने काकांची टीव्हीची छत्री

गुल्हाने काकांनी एकदा दुखरी दाढ काढायला तीन कोटेशनं मागवली होती. एक नेरचं, एक दारव्ह्याचं, एक यवतमाळचं. नेरच्या डॉक्टरांनी हसत हसत चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, दारव्ह्याच्या डॉक्टरांनी सरळ हाकलून लावलं, आणि यवतमाळचं कोटेशन हातात पडायच्या आत दाढ शेंगदाण्याच्या लाडवात आपली आपण निघून आली. काका ती कागदात गुंडाळून आमच्याकडे दाखवायला आले. चेहरा असा फुललेला, की लॉटरी लागलेला माणूससुद्धा इतका खूश दिसणार नाही. "पाहा मॅडम, शून्य रुपयात काम!"

मी नेरला त्यांच्या समोरच राहते. मधे अरुंद रस्ता, त्यांच्या बाजूने नाली आणि नालीवर टाकलेली एक फरशी. शाळेत शिकवते म्हणून आख्ख्या गल्लीची मी मॅडम. माझं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. काका सरकारी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं अंदाजपत्रकं करत होते. नोकरी संपली, पण अंदाजपत्रक काही अंगातून निघालं नाही. मुलीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्यांकडून बंद लिफाफ्यात दर मागवले आणि ते लिफाफे व्याह्यांच्या देखत फोडले. भाजीवाली दारात आली तरी तोच प्रकार. शेवटी ती एकदा कावून म्हणाली, "वांगे घ्याचे असन तं घ्या ना जी काका, मले लिवता येत नाही!"

या माणसाबरोबर शालूकाकूंनी संसार कसा केला असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण काकू हसून सोडून द्यायच्या. त्यांना जगाकडून एकच गोष्ट हवी होती, संध्याकाळी साडेसातची मालिका. आणि तिथेच गाडी अडली. अकरा वर्षांपूर्वी केबलवाल्याने महिन्याचे पैसे वाढवले आणि काकांनी त्याच दिवशी वायर कापून त्याच्या हातात दिली. काकू म्हणाल्या, मग ती छत्री तरी बसवा. छत्री म्हणजे गच्चीवरची टीव्हीची तबकडी, एकदा बसवली की महिन्याला काही भरावं लागत नाही ती. काकांनी ताबडतोब फाइल उघडली. 'घरगुती टीव्ही छत्री : अंदाजपत्रक.' मी ती पाहिलेली आहे. पहिल्या पानावर दोन हजार रुपयांचा अंदाज आणि पुढे पानोपानी शेरे: 'दर जास्त वाटतात.' 'स्थळपाहणी बाकी.' 'पावसाळ्यानंतर विचार व्हावा.' असे अकरा पावसाळे गेले. टीव्हीवर विणलेला रुमाल आणि रुमालावर प्लॅस्टिकची फुलं. काकू रोज साडेसातला फरशी ओलांडून आमच्याकडे यायच्या, भाजी निवडत मालिका पाहायच्या आणि आठला परत जायच्या.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लहान मुलांच्या तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी, त्या अशाच परत जायला निघाल्या, शेवाळलेल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला आणि त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. रातोरात यवतमाळला नेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. पुण्याहून मुलगी येऊन दवाखान्यात राहिली. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांनी घरी न्या, पण पुढे तीन महिने अंथरूण सोडायचं नाही.

मला तर काही सुचत नव्हतं. माझ्याच घरून निघाल्या होत्या ना त्या! भेटायला गेले, तर काकू माझा हात धरून म्हणाल्या, "मॅडम, तीन मयने मी वर पंख्याकडं पाहत पडू का वं?" एवढंच बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. काका खुर्चीवर बसले होते. त्या पंख्याची किंमतसुद्धा त्यांनी अजून विचारली नव्हती, हे मला विशेष वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमची कडी वाजली. काका दारात, काखेत फाइल, कानामागे पेन्सिल.

"मॅडम, काम मंजूर झालं!"

"कोणतं काम?"

"छत्रीचं. तुमची काकू घरी याच्या आत टीव्ही चालू पाह्यजे. तुमी कमेटीत आहा."

"कमिटीत अजून कोण आहे?"

"मी."

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी चहा ठेवायचं विसरून तशीच त्यांच्यामागे गच्चीवर गेले. अकरा वर्षांनी फाइल हलत होती! दुपारपर्यंत तीन मिस्त्रींना निरोप गेले: एक नेरच्या बसस्टँडजवळचे सलीमभाई, एक यवतमाळचा आणि एक बाभुळगावचा. बंद लिफाफे, तिघांचे दर आल्याशिवाय एकही फोडायचा नाही. सलीमभाईंनी आपला दर बियाण्याच्या पावतीमागे लिहून पाठवला. काकांनी तो स्वतःच लिफाफ्यात घातला, डिंकाने चिकटवला आणि माझ्यासमोर म्हणाले, "मी पाह्यलं नाही."

मग निघाला पायाचा मुद्दा. छत्री बसवायची म्हणजे गच्चीच्या स्लॅबला चार भोकं पाडायची, बोल्ट ठोकायचे, दहा मिनिटांत काम. पण काकांचा स्लॅब! तो पडला त्या दिवशी हा माणूस पहाटेपासून अंधार पडेपर्यंत उन्हात उभा होता म्हणे, आणि त्यानंतर तीस वर्षांत त्यात एक खिळासुद्धा गेलेला नव्हता. गच्चीवर कपडे वाळवायची दोरीदेखील दोन ड्रमांना बांधलेली. "माह्या स्लॅबले भोक पडनार नाही," काका म्हणाले. "आपन फाउंडेशन घेऊ."

आणि त्यांनी खरोखर फाउंडेशन घेतलं. लोखंड बांधून, गिट्टी घालून, ओळंबा लावून, गच्चीवर दोन फूट बाय दोन फुटांचा काँक्रीटचा ओटा. उद्या त्यावर पाण्याची टाकी ठेवली तरी हलणार नाही असा. वादळात छत्री उडू नये म्हणून वाऱ्याचा जोर काढला, आकडेमोडीची दोन पानं भरली, आणि जिन्याच्या खोलीच्या भिंतीला लागून, अगदी आडोशाची जागा निवडली. मग त्यावर गोणपाट आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. एकदा वरून चांगली सर येत होती आणि हे खाली बादली घेऊन उभे! मी ओरडले, "काका, पाऊस चालू आहे!" तर म्हणाले, "पावसाचं पानी मोजून येते काय जी?"

दहाव्या दिवशी मुलीचा फोन आला. काकूंची तब्येत छान आहे, उद्याच चार वाजेपर्यंत घेऊन येते. काकांच्या हातातला पेला तसाच राहिला. लिफाफे दोनच आले होते. बाभुळगावचा मिस्त्री म्हणे रविवारनंतर येईन. मला वाटलं, झालं! आता फाइलवर शेरा पडणार आणि काकू पंख्याकडे पाहत पडणार. मी भांडायच्या तयारीने पदर खोचला. पण काका उठले, लिफाफे न फोडताच त्यांनी सलीमभाईंना फोन लावला आणि म्हणाले, "उद्या सकाळी ये. दर कोनताई असू दे."

मला वाटतं हे वाक्य त्यांच्या तोंडून पृथ्वीवर पहिल्यांदाच निघालं असावं.

सलीमभाईंना दुसऱ्या कामावरून यायला दुपारचा एक वाजला. गच्चीवर चढले, ओटा पाहिला, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काका, ये क्या बनाया? मंदिर?"

"छत्रीचं फाउंडेशन. वारं लागनार नाही."

"वारं नाही लागनार, बरोबर. पन सिग्नल बी नाही लागनार ना! छत्रीचं तोंड इकडं करा लागते," त्यांनी आग्नेयेकडे हात केला, तो नेमका जिन्याच्या भिंतीला लागला. "तुमी वाऱ्याले अडोलं, त्याच्यासंगं टीव्हीले बी अडोलं."

मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी रडूही येत होतं. तीन तास उरले होते. काकांनी भिंतीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, खिशातला आकडेमोडीचा कागद काढून पुन्हा एकदा वाचला. चौतीस वर्षं जिल्हाभर पुलांचे हिशेब केलेला माणूस, आणि एका तबकडीची दिशा पाहायची राहून गेली!

"कुठी लागन मंग?" त्यांनी विचारलं.

सलीमभाईंनी गच्चीच्या मधोमध पाय आपटला. "इथं. पन भोकं पाडा लागन. चार."

काकांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि दुसरीकडे तोंड करून म्हणाले, "मार."

ड्रिल सुरू झालं. प्रत्येक भोकाला काकांचे खांदे आक्रसायचे. चौथं झालं तेव्हा ते हळूच म्हणाले, "माल चांगला वापरला होता. आवाज पाह्यला किती ठन येते?" सलीमभाईंनी मान डोलावली. तो माणूस खरंच भला.

त्यानंतर जे झालं ते सांगताना आजही माझा आवाज चढतो. मी खाली टीव्हीसमोर, कारण सिग्नलचा आकडा पडद्यावर दिसतो. सलीमभाई वर तबकडी धरून, काका जिन्यात मधोमध, निरोप पोचवायला. "शून्य!" मी ओरडायची. "शून्य!" काका वर ओरडायचे. "अठरा! काका, अठरा!" "अठरा आला रे!" "गेला!" "काहून गेला?" "मला काय माहीत!" आमचा आरडाओरडा ऐकून शेजारपाजारचे गोळा झाले. कोणी म्हणे डावीकडे, कोणी म्हणे वर. एक आजी तर टीव्हीसमोर हात जोडून बसल्या. पावणेचार वाजले. तीस, पस्तीस, पुन्हा शून्य. आणि मग एकदम बासष्ट! अडुसष्ट! पडदा निळ्याचा काळा झाला आणि त्यात एक बाई दिसायला लागली. ती गाजराचा हलवा करत होती. आख्ख्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. काका जिन्यातून दोन-दोन पायऱ्या उतरत आले, सत्तरीचा माणूस, आणि त्या हलव्याकडे पाहून लहान पोरासारखे हसले. साडेसातची मालिका याच छत्रीवर लागते ना, हे मी सलीमभाईंकडून तीनदा वदवून घेतलं.

तेवढ्यात दारात गाडी उभी राहिली.

काकूंना चौघांनी उचलून पुढच्या खोलीतल्या पलंगावर ठेवलं. पलंग काकांनी आधीच टीव्हीसमोर सरकवलेला होता. रुमाल नाही, फुलं नाहीत, उघडा टीव्ही चालू. काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि उशी जरा उंच करून घेतली.

साडेसातला मालिका लागली तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जाहिराती लागल्यावर एका शेजारणीने गमतीने विचारलं, "काय जी काका, कितीले पडली छत्री?"

"एक लाख बासष्ट हजार दोनशे," काका म्हणाले.

सगळे खो-खो हसले. कोणी म्हणालं, काका पण आता मजाक करायला लागले. मीही हसणार होते, पण माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि हसू तिथेच थांबलं. दोन हजार दोनशे सलीमभाईंचे. बाकीचे यवतमाळच्या दवाखान्याचे. कोणाला कळू नये अशा आवाजात ते पुढे म्हणाले, "अकरा वर्साआधी दोन हजारात झालं असतं. तिचं हाडबी राह्यलं असतं."

इतके दिवस मी फरशीला दोष देत होते, पावसाला देत होते, स्वतःलाही देत होते. या माणसाने तो सगळा दोष एकट्याने आपल्या नावावर मांडून घेतला होता आणि आम्हा कोणाला पत्ता लागू दिला नव्हता.

काकूंना ते ऐकू गेलं होतं. जाहिराती संपल्या होत्या, तरी त्यांनी टीव्हीवरची नजर काढली. "इकडं या," त्या म्हणाल्या. काका गेले आणि पलंगाच्या कडेला अवघडून बसले. काकूंनी त्यांचा हात ओढून स्वतःच्या हातात घेतला. इतक्या लोकांत! काका लाजले, पण हात त्यांनी सोडवून घेतला नाही.

"हे लाल साडीवाली हाय ना," काकू पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "हे त्या पोराची सख्खी माय नाही. तुमाले मांगचं काई समजनार नाही. ऐका, मी पहिल्यापासून सांगते."

आणि आयुष्यात एकही मालिका न पाहिलेले गुल्हाने काका, लाल साडीवाली कोण, तिचा नवरा कुठे गेला आणि तो पोरगा खरा कोणाचा, हे सगळं मान हलवत ऐकत बसले. आम्ही बाकीचे हळूहळू उठून आपापल्या घरी गेलो.