गोरेगावच्या खेळमेळ्यावर खारबावकरांची स्वारी

श्रीगावदेवी प्रसन्न. खारबाव मुक्कामीचे लहानथोर, नारपोलीचे मागवाले आणि निजामपुऱ्याचे टपरीवर बसोन न लढलेल्या लढाया जिंकणारे समस्त विद्वज्जन यांचे कानी घालावयाची हकिकत ऐसीजे. शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजित नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, आदित्यवारी, गोरेगाव प्रांती संगणकी खेळांचा महामेळा भरला आणि त्या मेळ्यावर खारबावकरांची फौज चालोन गेली. तेथे जे घडले त्याविषयी हितेशराव हल्ली गावात भलतेच सांगत फिरतात, सबब खरी हकिकत लिहोन ठेवणे प्राप्त झाले.

या फौजेत क्षितिजा म्हणोन मुलगी होती. केसरीनाथशेठ यांची कन्या, कॉलेजात पहिल्या वर्षास, हुशार, आणि जिभेवर ताबा ठेवणारी. तिचे मनी एकच गोष्ट बैसली होती की, मोटारींच्या शर्यतीचा खेळ एकवार आपल्या हाताने, अवघा, आरंभापासोन अखेरपर्यंत खेळावा. मागणे केवढेसे, परंतु ते पुरे होण्याचा योग येत नव्हता. निजामपुऱ्यात गेमचे दुकान होते आणि तेथे मुलींस मनाई ऐसा फलकही नव्हता; मात्र खुर्चीत बसलेला गडी तिजकरिता कधी उठत नसे, आणि उठला तरी खुर्ची थंड होण्याचे आत दुसरा गडी बसे. घरी चुलतबंधू हितेशराव यांचे यंत्र होते. तेथे, एवढी फेरी होऊ दे, मग तुझीच पाळी, ऐसे अभयवचन नित्य मिळे, आणि मग फेरी संपे आणि वीज जाई. भिवंडी मुलखात त्या काळी वीज पाहुण्यासारखी येई आणि जाण्याची घाई करी. ऐसी वर्षे गेली.

मग वर्तमान आले की, गोरेगावच्या मेळ्यात अगदी नवे यंत्र मांडणार, त्यावर मोटारींचा नवा खेळ, आणि जो रांगेत उभा राहील त्यास खेळावयास देणार. हितेशराव आणि त्यांचे आतेबंधू भाविकराव यांनी तत्काळ मोहीम ठरविली. क्षितिजानेही येण्याचा हट्ट धरला. केसरीनाथशेठ यांनी मसलत करोन हुकूम केला की, आमचा टेम्पो कापडाचे ताके घेऊन मालाडास जाणार आहे, तो जरा पुढे जाऊन आधी तुम्हांस मेळ्यावर उतरवील आणि सांजावता उचलील, एक पळ थांबणार नाही. आणि मुलगी जाणार तर आक्काही जाईल.

आक्का म्हणजे केसरीनाथांची थोरली बहीण. त्यांनी संगणक ही चीज फक्त बँकेत, काचेपलीकडे, बंद पडलेली पाहिली होती. परंतु जत्रा त्यांनी उदंड मारल्या होत्या. मेळा म्हणजे काय, ऐसे त्यांनी पुसले, आणि भाविकरावांनी अर्धी घटका इंग्रजीमिश्रित खुलासा केला, तो ऐकोन घेऊन आक्का म्हणाल्या, "म्हंजे जत्राच हाय ना? मंग मना काय सांगतंस?" आणि सेनापतिपद आपणाकडे घेतले.

मग फर्माने सुटली. नवे जोडे कोणी घालू नयेत, पायात मुरलेले घालावे. पाण्याची बाटली ज्याची त्याने वाहावी. आत शिरताच दाराशी घुटमळू नये, कारण अवघी दुनिया दारातल्या पहिल्या दुकानाशीच अडकते. आधी थेट मैदानाचे टोक गाठावे आणि मग माघारी येत येत पाहावे. फुकट मिळते म्हणोन घेऊ नये, हात मोकळे राखावे. मोरी दिसेल तेव्हाच जाऊन यावे, लागेल तेव्हा सापडत नाही. आणि जेवण घरचे न्यावे. ही फर्माने आजही कोणी मोठ्या मेळ्यास जाणार असेल तर त्याने अक्षरशः पाळावी. आमच्या सरदारांनी एकही पाळले नाही.

आदित्यवारी प्रातःकाळी टेम्पो निघाला. आक्का आणि क्षितिजा पुढे, हितेशराव आणि भाविकराव मागे ताक्यांवर, त्यांचे शेजारी ही हकिकत लिहिणारा मी, आणि मजल दरमजल करीत, काल्हेरची खाडी ओलांडोन, घोडबंदरच्या खड्ड्यांशी झुंज देत फौज गोरेगावास दाखल झाली. भाविकरावांनी खास मोहिमेकरिता पांढरे नवे बूट घेतले होते. टेम्पोतून उतरोन देवडीपर्यंत जाईतो उजव्या टाचेने दगा दिला, आणि देवडीपासोन आत जाईतो डावीही गनिमास मिळाली. सरदार लढाईपूर्वीच जायबंदी झाले.

देवडीवर पहारेकरी होते. बाहेरील अन्नास मनाई, ऐसे सांगोन एकाने आक्कांची पिशवी उघडविली, आणि पिशवीतला डबा उघडविला, आणि डब्यात सुक्या जवळ्याची, म्हणजे वाळविलेल्या बारीक कोळंबीची, उग्र चटणी होती. पहारेकऱ्याने झाकण स्वहस्ते पुन्हा लाविले, एक पाऊल मागे सरकला आणि हाताने इशारा केला की जावे, लवकर जावे. ऐसी पहिली चौकी विनासायास सर झाली.

आत जो थाट होता तो काय वर्णावा. पडदे भिंतीएवढे, आवाज ऐसा की नारपोलीत चार गाळ्यांचे माग एकदम चालू झाल्यावर जो होतो तो, आणि चोहीकडे पोरे. आक्कांनी चौफेर नजर टाकोन प्रथम भेटीचा ठाव नेमिला. दालनाचे मध्यभागी डोईस शिंगे, अंगी चिलखत, हाती पुठ्ठ्याची तलवार ऐसा एक आडदांड पुतळा उभा होता. कोणी हरवला तर या शिंगवाल्यापाशी यावे, फोन लागतीलच ऐसा भरवसा धरू नये, ऐसा हुकूम झाला. हुकूम बरोबर होता. फोन खरोखरीच लागले नाहीत. फक्त तो पुतळा नव्हता. दुपारी भूक लागताच तो चालू लागला. तेव्हा भाविकराव, लंगडत, ठावास येत होते; त्यांनी ठाव चाललेला पाहिला आणि आज्ञाधारकपणे त्याचे मागे चालू लागले, आणि मग हितेशराव भाविकरावांचे मागे, आणि ऐसी अर्धी फौज प्रथम वडापावच्या गाड्यावर आणि तेथोन मोरीच्या रांगेत पोहोचली. शिंगवाल्याने वळोन पुसले, "भाई, प्रॉब्लेम क्या है?" त्यावर भाविकराव म्हणाले की, आमची आक्का तुमच्याकडे येणार आहे. शिंगवाल्याची चर्या मुखवट्यामुळे कळली नाही.

इकडे क्षितिजाचे काय चालले होते ते लिहितो, कारण लिहावयास माझा हात तिकडेच ओढतो. सकाळपासोन ती रांगेत उभी होती. हितेशराव म्हणत, तू जरा रांग धर, मी पलीकडे पाहोन येतो. आणि ती रांग धरी, पिशव्या धरी, हितेशरावांनी गोळा केलेल्या फुकटच्या भिंतीचित्रांच्या सुरळ्याही धरी. रांग हळूहळू सरके, पाय भरोन येत, आणि मग ऐन पाळी येताच हितेशराव कोठोनसे प्रकट होत आणि म्हणत, दे, आणि जिचेवर खेळ चालतो ती यंत्राची मूठ घेऊन बसत. एकवार बंदुकीचे खेळास ऐसे झाले. पुन्हा कुस्तीचे खेळास ऐसेच झाले. ती मूठ देत गेली. परंतु दोन्ही वेळा तिने मूठ पुढे करण्यास किंचित विलंब लाविला, तो हितेशरावांस कळला नाही, मला कळला, आणि वाईट वाटले.

आता उरले ते नवे यंत्र. त्याचे मंडपाभोवती दोर बांधला होता आणि रांग सापासारखी वळसे घेत पार पलीकडल्या भिंतीस टेकली होती, आणि क्षितिजा त्या शेपटाशी उभी होती. दिवस कलत आला. मोरीपासोन परतलेले सरदार आणि आक्का तेथे येऊन मिळाले. यंत्राचा कारभारी दोरापाशी येऊन पुकारा करोन गेला की, मंडप आता मिटणार, यापुढे एकच फेरी, दोराशी जो पहिला असेल त्याची. रांगेचे तोंड दिसतही नव्हते. क्षितिजाने टेम्पोची वेळ मनात मोजली, रांग मोजली, आणि तिचे डोळे भरोन आले. रडू येते म्हणोन राग आला, आणि रागाने आणखी आले.

इतक्यात अवघ्या दालनाचे दिवे गेले.

झाले होते ते ऐसे की, पलीकडे मोठ्या मंचावर कोण्या नव्या खेळाचे अनावरण होते आणि त्याकरिता मुद्दाम काळोख केला होता. हे मुंबईकर पोरांस कळले आणि अवघा जमाव आरोळी ठोकोन मंचाकडे धावला. रांग फुटली, पहारेकरीही धावले. परंतु भिवंडीकर माणसाचे हाडात दुसराच दंडक मुरलेला आहे. वीज गेली की माग थांबतात, आणि माग थांबले की डबे उघडतात. त्यात विचार करण्यासारखे काही नसते, हात आपोआप चालतात. आक्का शांतपणे म्हणाल्या, "गेली लाईट. आता कलाकभर काय येत न्हाय. चला, जेवून घ्या."

मंचाकडे निळेतांबडे झोत उडत होते, नौबती वाजत होत्या. भाविकरावांनी तिकडे बोट दाखविले. आक्का म्हणाल्या, "त्यांच्याकडं जनरेटर हाय. त्यांचं काय!"

क्षितिजाचाही हात सवयीने मेणबत्ती शोधू लागला होता. मग तिला उमगले की ही ती वीज जाणे नव्हे. आणि तिने पाहिले की समोर रांग नाही, गालिचा मोकळा, आणि अंधारात थेट पुढे दोर. तिने उमगलेली गोष्ट कोणास सांगितली नाही. येथे माणसे येतात-जातात, पायदळी येईल, पुढे जरा ऐसपैस जागा आहे, तिकडे बसू, ऐसे मात्र आक्कांस सुचविले. फौजेने पुढे कूच केले आणि दोरास टेकोन चादर अंथरली. तांदळाच्या भाकऱ्या निघाल्या, कांदा निघाला, आणि जवळ्याचा डबा उघडला.

आता मेळ्यास जाणारांनी हे ध्यानी ठेवावे की, दिवसभर उभे राहिल्यावर बसोन खाल्लेली भाकरी ही मोठी दौलत आहे. हितेशरावांनीही सुरळ्या खाली टाकोन मुकाट्याने खाल्ले.

दिवे आले. जमाव परत रांगेकडे धावत आला, आणि येता येता थबकला. दोराशी चादर, चादरीवर पंगत, आणि सभोवती जवळ्याचा दर्प तटबंदीसारखा उभा. पुढल्या पोरांनी नाके धरिली, मागल्यांनी पुढल्यांस ढकलिले, परंतु तट कोणी चढला नाही. कारभारी आला आणि म्हणाला, "आजी, इथे बसता नाही येणार, ही रांग आहे."

आक्का म्हणाल्या, "रांगच हाय. आमी बसलोय. उभंच रायला पायजे आसं कुटं लिवलंय?" आणि त्याजपुढे चटणी लाविलेली अर्धी भाकरी धरिली. त्याने दोराजवळचा नियमांचा फलक पाहिला. तेथे लिहिले नव्हते. सकाळपासोन त्याचेही पोटात काही नव्हते. त्याने भाकरी घेतली आणि दोर सोडला, आणि तोंडात घास असल्याने खुणेनेच पुसले की, कोण येणार, एकच जण.

क्षितिजा उठली. तिने हात पदरासारख्या ओढणीस पुसले आणि यंत्राची मूठ घेतली. हितेशरावही उठले होते. त्यांनी नित्याप्रमाणे हात पुढे केला आणि म्हणाले, "दे."

क्षितिजा म्हणाली, "न्हाय."

ऐसा शब्द त्या घराण्यात हितेशरावांनी पूर्वी ऐकिला नव्हता. ते गोंधळले. मग समजुतीचा डाव टाकिला की, बाय ग, तुला कळा ठाऊक नाहीत, शेवटची फेरी वाया जाईल, मी फक्त वळणापुरता धरतो. आक्कांनी मान वर न करता दोन्ही पिशव्या त्यांचे हाती दिल्या आणि सुरळ्या काखेत कोंबिल्या. मग त्यांस धरावयास हात उरला नाही.

दौड सुरू झाली. क्षितिजाची मोटार तांबडी होती. ती निघताच भिंतीवर गेली, मग सावरली, मग उलट दिशेस धावली आणि समोरोन येणाऱ्या प्रतिपक्षास घाबरविले, मग एका कुंपणातोन शेतात शिरली आणि शेतातोन पुन्हा सडकेवर आली. मागोन हितेशराव ओरडत होते, डावीकडे, डावीकडे. ती उजवीकडे गेली. आक्का म्हणाल्या, "हळू चालव गो, खड्डं आसतील." एका लांब सरळ सडकेवर मोटार काही काळ अगदी नीट, भरधाव चालली, बाजूने समुद्र होता, आणि त्या वेळी क्षितिजा मोठ्याने हसली. तिचे ऐसे हसणे मी या अवघ्या मोहिमेत प्रथम ऐकिले आणि मजला फार बरे वाटले.

मग दौड संपली. जितक्या मोटारी होत्या त्यांत तिची शेवटची आली, तीही आरसा गमावोन.

टेम्पोकडे जाताना हितेशराव वाटभर म्हणत होते की, मी असतो तर पहिला आलो असतो. क्षितिजा पुढे चालत होती. ती वळोन म्हणाली, "आला आसतास, दादा. पन तू नव्हतास ना."

येणेप्रमाणे सर्वजित संवत्सरी, आदित्यवारी, दिवस मावळण्याचे आत फत्ते झाली. जायबंदी एक, टाचा दोन. खासा क्षितिजाबाई केसरीनाथ, मुक्काम खारबाव, यांनी आपली पाळी आपण घेतली आणि अवघी दौड स्वहस्ते केली, मध्ये कोणी हात घातला नाही. क्रमांक शेवटचा. विजय पूर्ण. हितेशराव काही निराळे सांगतील तर ते मानू नये.