तिन्ही विषयांची पोरगी

गावच्या बोअरची मोटर बंद पडली तेव्हा सरपंच देवानंदने मिस्त्रीच्या आधी, डिग्री घेऊन नुकत्याच गावी परतलेल्या प्रणिताला बोलावणं धाडलं. चूक तिच्या वडिलांची होती. हैदराबादला तिला प्रवेश मिळाल्यापासून भगवानराव गुडीहत्नूरच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले होते, "सायन्स, इंजिनियरिंग आन पर्यावरण, तिन्ही एकाच डिग्रीत. एक पोरगी म्हंजे तीन समजा."

प्रणिताने मोटरकडे पाहिलं आणि हे आपलं काम नाही असं सरळ सांगितलं. मग इतकी वर्षं शिकली तरी काय, असं कोणीतरी विचारलं. भगवानरावांचा चेहरा उतरला. तो पाहवेना म्हणून तिने घरून तपासणीची पेटी आणली आणि टाकीतलं पाणी तपासलं.

मिस्त्रीने येऊन मोटर चालू केली, तोवर पाण्याचा निकाल लागला होता. फ्लोराईड भरमसाट. लेकरांच्या दातांवरचे पिवळे डाग आणि मोठ्यांचे आखडलेले गुडघे कशामुळे, हे तिने जमलेल्यांना समजावलं आणि हे पाणी पिऊ नका म्हणाली. टेकडीपलीकडच्या जुन्या विहिरीचं पाणीही तिने तपासलं. ते चांगलं निघालं.

चांगलं होतं, पण लांब होतं. आणि आणायचं होतं बायकांनी. थोड्याच दिवसांत तिच्या आईनेच, बयनाबाईने, दारात घागर उतरवून सुनावलं, "शिकली तू, आन मान माही मोडून राह्यली."

त्यातच देवानंदच्या मुलीला, चंचलला, पाहायला बोथहून पाहुणे आले. पाण्याची बातमी बोथला आधीच पोचली होती. चहाला कोणी हात लावला नाही. मुलाच्या आईने स्वयंपाकाचं काही विचारलं नाही, जरा हसून दाखव म्हणाली. चंचल हसली. पाहुणे उठले.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीपुढे गाव जमलं. देवानंदने प्रणिताला सगळ्यांसमोर उभं केलं.

"तू सायंटिस्ट हायेस का?"

"पूर्ण नाई, काका."

"मंग इंजिनियर?"

"तसंबी नाई. दोन्हीच्या मधलं हाय."

"सायंटिस्ट असती तर आमी आयकलं असतं. इंजिनियर असती तर तूच पाणी साफ करून देल्लं असतं. मधातल्या माणसाचं काय करावं?"

हैदराबादला नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत तिला हेच विचारलं होतं, फक्त इंग्रजीत. फ्लोराईड काढणारं यंत्र बसवता येतं, त्याचा आराखडा मी करून देते, असं ती सांगत होती. पण लोक उठून कपडे झटकू लागले होते.

गावाने तिचं ऐकलं नाही, पण पाण्याची भीती मात्र बसली. ती भीती देवानंदला बरोबर दिसली. महिना उलटायच्या आत त्याने बोअरजवळ पत्र्याची शेड घातली आणि थंड पाण्याचे जार विकायचा धंदा काढला. पाणी तपासणारीच आली की लोकांचा भरवसा बसेल, म्हणून उद्घाटनाला प्रमुख पाहुणी म्हणून प्रणिताचं नाव ठरलं. आत कोणतं यंत्र बसवलंय, हे तिने जाऊन पाहिलं. ते पाणी फक्त गार करत होतं. गार केल्याने फ्लोराईड जात नाही, असं तिने देवानंदला सांगितलं. लोकांना गारच पाहिजे, असं तो म्हणाला.

उद्घाटनाच्या दिवशी भगवानराव नवा सदरा घालून पुढे बसले होते. प्रणिताने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. तरी माईक हातात आल्यावर तिने सांगून टाकलं.

"हे तेच पाणी हाय. आपल्या बोअरचं."

मग देवानंदने हसत माईक घेतला.

"आयकलं का? बाहेरचं नाई. आपल्याच गावचं पाणी."

टाळ्या पडल्या. भगवानरावांनी डोळे पुसले. पहिला जार बयनाबाईने घेतला. आता तिची मान मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणिता एकटीच घागर घेऊन टेकडीकडे निघाली. वाटेत दोन बाया जार घेऊन येताना भेटल्या. तिच्या डोक्यावरची घागर पाहून एकीला खरंच वाईट वाटलं.

"काऊन वं माय," ती हळूच म्हणाली, "इतकं शिकून एवढंबी समजत नाई का तुले?"