राजधानी दर्शन, जेवणासह

शुक्रवारी सकाळी बस कासाब्लांकाच्या बाहेर पडायच्या आतच शेजारच्या लल्ला तामोनं अनीसला दम भरला.

“हे बघ पोरा, तुझ्या आईच्या शब्दाखातर गल्लीतल्या सगळ्या बायका घरं सोडून निघाल्यात. राजधानी नीट दाखवलीस तर तू गाइड. नाहीतर उद्यापासून आमच्या ह्यांच्या फरश्यांच्या दुकानात. मी बोलून ठेवलंय.”

अनीस कसाबसा हसला. इतिहासाची पदवी घेऊन घरी बसल्याला बरीच वर्षं झाली होती. शेवटी त्यानं ‘राजधानी दर्शन, जेवणासह’ अशी सहल काढली आणि रबातचा सगळा इतिहास सनावळीसकट पाठ केला. आयुष्यभर फरश्या मोजायच्या नसतील तर आजची सहल पार पडायलाच हवी होती.

बायकांचा उत्साह नुसता उतू जात होता. ठेवणीतले पायघोळ जलाबे, हातांवर ताजी मेंदी, आणि राजधानीत म्हणे भर दुपारीही थंड वारा सुटतो, म्हणून शाली. चहासाठी बस थांबली, ऑलिव्हसाठी थांबली, नंतर कुणाची तरी मावशी याच गावात राहते म्हणून थांबली. रबातला पोचेपर्यंत जेवायची वेळ झाली.

“आधी मनोरा बघू,” अनीस काकुळतीनं म्हणाला.

“मनोरा कुठे पळून जातोय?” लल्ला तामो म्हणाली. “शुक्रवार आहे. कुसकुस थांबत नाही.”

जेवण जुन्या तटबंदीतल्या वस्तीत, कसब्यात, एका बाईंच्या घरी ठरलं होतं. त्यांनी फोनवर खूण सांगितली होती, निळं दार. अनीसनं मान डोलावली होती. कसब्यातलं झाडून प्रत्येक दार निळं असतं, हे त्याला आता गल्लीत उभं राहिल्यावर कळलं. त्यातल्या एकातून कुसकुसचा घमघमाट येत होता. त्यानं तेच ठोठावलं.

दार उघडलं. समोर दूध-खजुराचं तबक घेतलेली बाई. “या, या! कधीची वाट बघतोय!” मागून बायकांनी आनंदाची किलकारी दिली. उंबऱ्यावर आलेल्या पाहुण्याला ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखंच. कुणी विचारलं नाही. अनीसच्या बायकांनीही तितकीच जोरदार किलकारी दिली आणि सगळ्या आत शिरल्या.

लल्ला तामोनं पिशवीतून निळ्या कागदातला साखरेचा उंच सुळका काढून यजमानीणबाईंच्या हातात दिला. तिकिटात जेवण धरलेलं असलं म्हणून काय झालं, कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं? साखर बघून यजमानीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“एवढ्याशा तिकिटात एवढा थाट!” बायका कुजबुजल्या. अनीसची छाती फुगली.

घराचे मालक सी मक्की त्याच्याशेजारी येऊन बसले. “प्रवास ठीक झाला ना?”

“उत्तम. सगळ्या खूश आहेत.”

“पुरुष मंडळी नाही आली?”

“मी एकटा पुरेसा आहे.”

सी मक्कींनी त्याच्याकडे आदरानं बघितलं. “काय करता आपण?”

“इतिहास शिकलोय. सध्या ही सगळी माणसं सांभाळतो.”

“एवढी सगळी?” सी मक्की गहिवरले. “असा मुलगा मिळायला नशीब लागतं.”

तेवढ्यात रेशमी कफ्तान घातलेली एक मुलगी चहाचं तबक घेऊन आली. वाढणारीसुद्धा एवढी नटलेली, याचं अनीसला फार कौतुक वाटलं. बायकांनी तिला मधे बसवून घेतलं, नाव विचारलं (इब्तिसाम), शिक्षण विचारलं, हनुवटीला हात लावून “किती गोड पोर गं!” म्हणाल्या. मग रवाळ कुसकुसच्या, वर भाज्या-मटण रचलेल्या मोठाल्या पराती आल्या आणि बघता बघता त्यांचा तळ दिसला.

अनीसचा फोन वाजला.

“अहो, कुठे आहात?” स्वयंपाकवाल्या बाई कडाडल्या. “कुसकुस पार थंडगार होतंय!”

“अहो, तुमच्याच घरी तर जेवतोय!”

“माझ्या घरी मांजरसुद्धा नाही!”

अनीसच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच क्षणी दारावर थाप पडली. बाहेर चांदीच्या तबकांत तसेच साखरेचे सुळके घेतलेली माणसं, त्यांच्यापुढे जरीच्या कफ्तानातली एक बाई, आणि तिच्यामागे घामाघूम झालेला एक तरुण. कासाब्लांकाहून मुलीला मागणी घालायला पहिल्यांदाच आलेली मंडळी. त्यांची गाडी वाटेत बंद पडली होती.

सी मक्कींनी एकदा अनीसकडे बघितलं, एकदा त्या तरुणाकडे. यजमानीणबाईंनी रिकाम्या परातींकडे बघितलं आणि त्या खालीच बसल्या. “आता यांना वाढू काय? आधीच म्हणतात, मुलीकडे माणूसबळ नाही. सोयरीक मोडली माझ्या लेकीची!”

इब्तिसामचा चेहरा रडवेला झाला. अनीसला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. सहल गेली ती गेली, वर एका पोरीचं लग्नही मोडलं.

लल्ला तामो हात पुसत उठली. “अनीस, आपलं कुसकुस तयार आहे ना? मग बघतोस काय? मागच्या दारानं आण. चौघीजणी जा गं याच्याबरोबर!”

जरीवाल्या बाईंनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीपासून भिंतीपर्यंत ठेवणीतले जलाबे. “या सगळ्या कोण?”

“मुलीकडच्या. कासाब्लांकाहून आलोय,” लल्ला तामो ठणकावून म्हणाली.

“मुलीचे नातेवाईक आहेत कासाब्लांकात? आम्हाला तर कळलं होतं, कुणीच नाही.”

“बसभर आहेत.”

सी मक्कींनी शहाण्यासारखी मान डोलावली. जरीवाल्या बाईंचा आवाज दोन पायऱ्या खाली उतरला. मग बायकांनी नवऱ्यामुलाला मधे घेतलं. पगार किती, राग येतो का, आईपुढे तोंड उघडतं का? शेवटी लल्ला तामोनं त्याला सगळ्यांसाठी चहा करायला लावला. चहा झकास झाला. इब्तिसाम पहिल्यांदाच हसली. पुन्हा गरम केलेलं वाफाळतं कुसकुस आलं, ते पोटभर खाऊन झालं, सोयरीक पक्की करणारी फातिहाची प्रार्थना म्हटली गेली आणि मुलीकडच्या बसभर बायका “आमीन” म्हणताना ढसाढसा रडल्या.

बस निघाली तेव्हा सूर्य टेकला होता. “डावीकडे मनोरा!” अनीस माइकमध्ये ओरडला, पण सगळ्याजणी लग्नात कोण काय घालणार यावर भांडत होत्या. त्यानं माइक खाली ठेवला आणि तो मनातल्या मनात फरश्या मोजायला लागला.

गल्लीच्या तोंडाशी लल्ला तामोचे यजमान सी ब्राहिम वाट बघत उभे होते. “काय गं, काय दाखवलं यानं राजधानीत? मनोरा? किल्ला?”

अनीसनं मान खाली घातली.

“मुलगी दाखवली,” लल्ला तामो पायरी उतरत म्हणाली. “पसंत आहे. वसंतात लग्न. दोन बस लागतील, अनीसलाच सांगितल्यात. तुम्ही दुकानाला दुसरा पोरगा बघा.”